अखंड सप्ताहात खंडिताला जागा



फुटका आरसा घरात ठेवू नये, तडा गेलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवू नये, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. मग त्या वस्तू जातात कुठे? केरात टाकायला हात धजत नाही. म्हणून कोणी त्या नदीत सोडतो, तर कोणी गावाबाहेरच्या पिंपळाखाली नेऊन ठेवतो. आमच्या गंगापूर तालुक्यात कुठल्याही गावाच्या शिवेपर्यंत चालत जा, असा एखादा पार दिसतोच. बुंध्याला टेकून काच फुटलेली विठ्ठल-रखुमाईची तसबीर, हात तुटलेला बाळकृष्ण, झिजून चेहरा गेलेला टाक, कोणाच्या तरी आजोबांच्या माळेचे सुटलेले मणी. कोणी ठरवून मांडलेले नसते. एकाने ठेवले, म्हणून दुसऱ्याने ठेवले. आणि घरात जे चालत नव्हते त्याच वस्तूंच्या त्या मेळ्यापुढे जाणारा-येणारा हात मात्र जोडतो.

मूर्तीची अशी सोय आपण करून ठेवली आहे. तडा गेलेल्या घराची सोय कोणती, हा आजचा प्रश्न आहे.

मी लासूर स्टेशनचा. गावाच्या नावातच स्टेशन आहे. निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादेकडे लोहमार्ग गेला आणि त्या रुळांच्या कडेला बाजारपेठ वाढली. शिवनाकाठचे जुने लासूर दाक्षायणी देवीचे म्हणून ओळखले जाते, स्टेशन ओळखले जाते ते आडतीचे, कांद्याचे, कापसाचे. भाव चांगला असला की इथे उभे राहायला जागा नसते. भाव पडला किंवा पावसाने दगा दिला, की त्याच रस्त्यावरून माणसे खाली मान घालून जातात. आणि मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, की अशा वर्षांत एखाद्या घरातला कर्ता माणूस स्वतःच्या हाताने जगाचा निरोप घेतो.

तेराव्यापर्यंत त्या घरी माणसे येतात. चौदाव्या दिवसापासून येत नाहीत. माणुसकी संपली असे म्हणवत नाही; काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून पाय तिकडे वळत नाहीत. आजारपणाने गेलेल्याबद्दल बोलता येते, अपघाताबद्दलही बोलता येते. याबद्दल बोलता येत नाही. त्या माउलीला हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही, आणि लेकीच्या सोयरिकीची बोलणी कुठेतरी अडतात. मूर्ती खंडित झाली तर तिला पारावर तरी जागा मिळते. या घराला तेवढीही मिळत नाही.

अलीकडे शहरांतून असे म्हटले जाते, की दुःख झालेल्या माणसांनी एकत्र येऊन, मोडक्या-टाकलेल्या वस्तूंतून, सर्वांना दिसेल असे काहीतरी घडवावे. त्याने मनाची जखम भरते. ऐकताना हे नव्या काळाचे खूळ वाटेल. माळकऱ्याला त्यात काय घ्यायचे, असेही वाटेल. पण पंढरीत महाद्वारासमोर आपण ज्या जागेवर डोके टेकतो ती जागा काय आहे, ते क्षणभर आठवावे.

चोखोबाराय १३३८ साली मंगळवेढ्याला गेले. गावकुसाचे बांधकाम चालू होते, वेठीची माणसे भिंत रचत होती, भिंत कोसळली आणि सगळे तिच्याखाली गाडले गेले. संप्रदायाची कथा सांगते, की पांडुरंगाच्या आज्ञेने नामदेवराय तिथे गेले. दगडमातीत अनेकांची हाडे मिसळलेली होती. त्यांतली चोखोबांची कोणती, हे कळणार कसे? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी वेचली, पदरात बांधून पंढरीला आणली, आणि देवाच्या दारासमोर समाधी बांधली.

आपण ही कथा नामाचा महिमा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण नामदेवांच्या बाजूने ती एकदा पाहा. मित्र गेला आहे. तोही असा, की ज्याचा जिवंतपणी स्पर्श चालत नव्हता. शरीर शिल्लक नाही, आहेत ते तुकडे, आणि तेही परक्या तुकड्यांत मिसळलेले. अशा वेळी माणूस दारातून परत फिरला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. नामदेव खाली बसले. एकेक हाड उचलून कानाशी लावले. शोक करण्याची ही रीत फार थोड्यांना साधते. रडणे लवकर आटोपते, वेचायला वेळ लागतो. आणि वेचलेले त्यांनी आपल्या घरी नेले नाही. जिथून रोज सगळी पंढरी जाते-येते तिथे ठेवले.

या कथेत एक जागा अशी आहे की कीर्तनकार तिथे थांबत नाहीत. त्या भिंतीखाली चोखोबांबरोबर जे दुसरे मजूर गेले, त्यांच्या हाडांचे काय झाले? त्यांच्या तोंडी नाम होते की नव्हते, ते कोणी अभंग रचले होते का, त्यांची बायकामुले कुठे गेली, यांतले कथेत काही नाही. कथा संतांची आहे, तेव्हा हा कथेचा दोष म्हणता येणार नाही. पण आपल्या गावातली माणसे जेव्हा जातात तेव्हा ती बहुतेक त्या बाकीच्यांपैकीच असतात. त्यांना कानाशी लावून ऐकायला कोण बसते?

नामदेवराय शिंप्याच्या घरचे, ही गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. चिंधी टाकायची नसते हे शिंप्याला कळते. आणि हेच शहाणपण आपल्या घराघरांतल्या बायांपाशी वाकळीच्या रूपाने आहे. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा. खाली-वर एकेक जुने लुगडे, मध्ये विरलेल्या धोतराचे, सदऱ्याचे, पोरांच्या आखूड झालेल्या कपड्यांचे थर. चार कोपऱ्यांना चार बाया बसतात, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकत जातात. दुपारची ओसरी असते, नाहीतर देवळाचा सभामंडप. हात गुंतलेले असतात आणि नजर सुईवर असते, म्हणून तोंडून असे काही निघते जे समोरासमोर बसून कधीच निघाले नसते. आई गेल्यावर तिच्या लुगड्यांची वाकळ लेकी वाटून घेतात. ते पांघरूण अंगावर घेऊन झोपणारा माणूस आई परत आली असे समजत नाही. आई गेली आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही ऊब लागते.

वाकळीचा एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. तिच्यातला तुकडा तुकडाच राहतो. जळक्या कडेचा, शाईच्या डागाचा, उसवलेल्या खिशाचा, जसा असेल तसा तो दिसतो. त्याला नवे कापड झाल्याचे सोंग करावे लागत नाही. शेजारच्या तुकड्याशी तो टाक्याने बांधला गेला, एवढेच होते. पुढे धुताना, पिळताना ताण येतो तो सगळ्यांवर वाटला जातो.

साता समुद्रापलीकडच्या माणसांना हीच वाकळ सुचली. अमेरिकेत एड्सची साथ आली तेव्हा मेलेल्यांना हात लावायला लोक घाबरत. अंत्यसंस्कार करणारे नकार देत, घरचे लोक मृत्यूचे कारण लपवीत. अस्पृश्यता कशाला म्हणतात हे त्या समाजाने तेव्हा आपल्याच मुलांच्या बाबतीत पाहिले. मग गेलेल्यांच्या आप्तांनी, मित्रांनी तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढे कापड घेऊन त्यावर त्यांचे सदरे, टोप्या, बटणे, खेळणी शिवायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९८७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या मोकळ्या मैदानात ते १,९२० तुकडे अंथरले आणि प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचले. आज त्या वाकळीत सुमारे ५०,००० तुकडे आहेत. नाव वाचण्याचे तेवढे बळ कशात असते, हे वारकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे अशी वाकळ अंगावर घालून एक संतच हिंडत होते. गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, शेणगावचा. अंगावर नाना चिंध्या जोडलेले वस्त्र, म्हणून कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. डोक्यावर किंवा हातात फुटके गाडगे. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. ही बांगडीची काच मला विचार करायला लावते. फुटकी बांगडी आपल्याकडे कशाची खूण आहे? कुंकू पुसलेल्या बाईची. जे पाहायला नको म्हणून आपण तोंड फिरवतो, ते या बाबांनी दागिन्यासारखे कानात घातले आणि हजारो लोकांपुढे कीर्तनाला उभे राहिले. त्यांनी तसे बोलून दाखवल्याचे मी कुठे वाचलेले नाही. हा अर्थ माझा आहे. पण कीर्तनाला आलेल्या एखाद्या विधवेची नजर त्या काचेवर पडली असेल, तेव्हा तिला काय वाटले असेल?

बांगडीवरून चंदीगडचे नेकचंद आठवतात. फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात राहिले. नव्या चंदीगडात ते रस्त्यांच्या कामावर सरकारी नोकर होते. १९५७ पासून त्यांनी जंगलाच्या एका तुकड्यात, कोणाला न सांगता, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा आणि दगड यांतून माणसे, जनावरे, वाटा, धबधबे असे एक गावच उभे करायला घेतले. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. पुढे एकदा रस्त्यासाठी तिचा भाग पाडायला यंत्रे आली, तेव्हा शहरातले सामान्य लोक आडवे उभे राहिले. एकट्या निर्वासिताने वेचलेले तुकडे तोवर सगळ्यांचे झाले होते.

आता शहराशहरांत भंगारातून मोर, हत्ती, भलेमोठे चरखे उभे केलेले दिसतात. निविदा निघते, ठेकेदार येतो, सुटे भाग जोडून एक जनावर तयार होते आणि लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही, रस्ता शोभतो. पण त्या मोराच्या पिसाऱ्यातली साखळी कोणाच्या सायकलची, हे कोणालाच माहीत नसते. तिथे जखम भरत नाही, कारण तिथे कोणी आपले काही आणून ठेवलेलेच नाही. टाकाऊ वस्तूत आपोआप काही गुण नसतो. तो तुकडा कोणाचा हे ज्याला माहीत आहे अशा माणसाने तो आणावा लागतो, आणि तो दुसऱ्या कोणीतरी हातात घ्यावा लागतो. आपले दुःख दुसऱ्याच्या हाताला चालते, एवढे कळले की माणूस पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो.

परंतु इथे एक सावधगिरी हवी, आणि ती आपल्या संप्रदायाच्या इतिहासातूनच शिकता येते. चोखोबांची समाधी दारासमोर झाली. तिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डोके टेकले, डोळे पुसले. आणि दार? ते चोखोबांच्या माणसांना बंदच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण करून प्राण पणाला लावले, तेव्हा ते उघडायची वाट मोकळी झाली. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षे. समाधी पाहून मन द्रवते, आणि मन द्रवले की आपले कर्तव्य झाले असेही वाटू लागते. हा धोका लहान नाही. गाडगेबाबांना तो दिसला असावा. त्यांनी पंढरीत चोखोबांच्या नावाची धर्मशाळा बांधली, ज्यांना उतरायला छप्पर नव्हते त्यांना छप्पर दिले, आणि १९४९ साली ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. कानात फुटकी काच घालणाऱ्याने वीट रचायचीही ठेवली नाही. कर्जाच्या ओझ्याखाली गेलेल्याच्या सदऱ्याची वाकळ शिवली, म्हणून कांद्याला भाव मिळणार नाही आणि सावकाराची चिठ्ठी फाटणार नाही. त्या लढाया वेगळ्या आहेत आणि त्या लढाव्याच लागतील. वाकळ शिवून आपण त्यातून सुटलो, असे ज्याला वाटेल त्याने ती न शिवलेली बरी.

हे सगळे लक्षात ठेवून एक गोष्ट मांडतो. गोदाकाठच्या सराला बेटाच्या सप्ताहाला आपल्यापैकी अनेक जण जातात. तिथे गावोगावच्या भाकरी येतात. ट्रॅक्टर भरभरून येतात आणि एका ढिगात पडतात. आमटी तिथे शिजते, भाकरी मात्र घराघरांतून आलेली असते. जाड, पातळ, करपलेली, कोरीव. ढिगातून उचललेली भाकरी कोणत्या जातीच्या, सवाष्णीच्या की विधवेच्या हातची, हे विचारायची सोयच नसते. पंगतीत भाकरीचे नाते जुळते, तर कापडाचे का जुळू नये? गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात प्रत्येक घरातून एक तुकडा यावा आणि त्यांची एक वाकळ व्हावी, असे माझ्या मनात आहे. ज्यांच्या घरी मागच्या वर्षांत माणूस गेला, कसाही गेला, त्यांच्या तुकड्याला मधली जागा.

यावर आमच्या पारावरच्या मंडळींनी तीन हरकती घेतल्या. पहिली, नाम असताना चिंध्या कशाला? हरकत खरी आहे. नामाला कशाचीच गरज नाही. पण गरज आहे ती ज्या घरातून आवाजच येईनासा झाला आहे त्या घराला. सात दिवसांत एकदाही मंडपात न आलेली माउली कापडाचा तुकडा मात्र पोराच्या हाती पाठवू शकते, आणि तुकडा जिथे गेला तिथे उद्या तीही येऊ शकते. दुसरी हरकत, मेलेल्याचे कापड मंडपात अशुभ. नामदेवरायांनी अस्थी पदरात बांधून देवाच्या दारात आणल्या, हे ज्याने कीर्तनात ऐकले आहे त्याने ही हरकत कशी घ्यावी, मला कळत नाही. तिसरी हरकत एका म्हाताऱ्या माळकऱ्याची होती, आणि ती सगळ्यांत मोलाची. ते म्हणाले, "महाराज, त्या घराला चारचौघांत आणून उघडं पाडाल. ज्याला दाखवायचं नाही त्याला दाखवायला लावू नका."

त्यांचे बोलणे मी तसेच्या तसे मान्य केले. तेव्हा कापडावर नाव घालायचे नाही, कोणाचे ते पुकारायचे नाही. स्वतःहून कोणी सांगितले तर ऐकायचे. ज्याने पाठवले नाही त्याला विचारायला जायचे नाही; मात्र भेटायला जरूर जायचे, चौदाव्या दिवशीही आणि चाळिसाव्या दिवशीही. देणगीदारांची पाटी नको, फोटो नको, पुढाऱ्याच्या हस्ते अंथरणे नको. सप्ताह झाला की वाकळ कपाटात बंद करायची नाही. देवळात मुक्कामाला येणाऱ्या वाटसरूने, दिंडीतल्या थंडी वाजणाऱ्या म्हाताऱ्याने ती पांघरावी. वापरून फाटली की पुढच्या सप्ताहात तिच्यावर नवी ठिगळे पडतील.

शिवायचे कोणी, यावर अजून बोलणी चालू आहेत. बायांनी शिवावे असे पुरुष मंडळी लगेच म्हणाली. मी सुचवले आहे, की सुई-दोरा वीणेच्या चौरंगाशी ठेवावा. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला डुलक्या येतात हे सर्वांना माहीत आहे. वीणा एकाच्या गळ्यात असते, बाकीच्यांचे हात रिकामेच असतात, आणि शिंप्याचे काम हे नामदेवरायांचे काम आहे. दोघा टाळकऱ्यांनी होकार दिला आहे. त्यातल्या एकाला सुईत दोरा ओवता येत नाही, तो त्याची आई ओवून देणार आहे.